भाऊसाहेब : खाणीवरून सचिवालयात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गोव्याला गेलेला माणूस पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर एक संध्याकाळ काढतोच. वाळू, सुरूची झाडं, भेळवाले, आइस्क्रीमवाले, मांडवी समुद्राला मिळते तिथलं ते रुंद पाणी. या साऱ्या गर्दीत किनाऱ्याला लागूनच एक समाधी आहे. पर्यटक तिच्या आसपास फिरतात, फोटो काढतात आणि कुणाची म्हणून विचारून पुढे जातात. फलकावरचं नाव दयानंद बाळकृष्ण बांदोडकर. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. आम्ही गोव्याची माणसं त्यांना भाऊसाहेब म्हणतो आणि माझ्या वडिलांच्या पिढीतली माणसं नुसतं भाऊ म्हणायची.

आरंभीच एक कबुली देतो. मी भाऊसाहेबांना कधीही जवळून पाहिलं नाही. त्यांच्याशी बोललो नाही, त्यांच्या हातून बक्षीस घेतलं नाही, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसल्याच्या आठवणी माझ्याकडे नाहीत. आजकाल अशा आठवणी सांगणारे खूप झालेत आणि त्यातल्या काही खऱ्याही असतील. माझी आठवण आहे ती त्यांच्या राज्यात वाढलेल्या एका कुळाच्या पोराची. डिचोली तालुक्यातल्या एका लहान गावात माझा जन्म १९५८ सालचा, म्हणजे पोर्तुगिजांच्या अमलातला. मी शाळेत गेलो तो भाऊसाहेबांच्या अमलात. या दोन अमलांमधलं अंतर अवघं पाच-सहा वर्षांचं, पण आमच्या घरापुरतं म्हणाल तर ते काही पिढ्यांचं होतं.

भाऊसाहेब मुळात राजकारणी नव्हते. ते व्यापारी होते, खाणमालक होते. मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या वयाला बावन्न वर्षं झाली होती. त्याआधी त्यांनी ना नगरपालिकेची निवडणूक लढवली होती, ना विधिमंडळाचा उंबरठा पाहिला होता. पाहणार तरी कसा? पोर्तुगिजांच्या गोव्यात लोकांनी निवडून दिलेलं सरकार असतं हीच गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. तेव्हा या माणसाचं राजकारण समजून घ्यायचं तर आधी त्याची खाण समजून घ्यायला हवी.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ चा, पेडण्याचा. जन्म गोमंतक मराठा समाजातला. या समाजाविषयी नव्या श्रोत्यांसाठी थोडं सांगायला हवं. देवळांच्या सेवेत पिढ्यान् पिढ्या घातलेला हा समाज. त्याच्या गाण्यावर आणि नाचावर देवळांचे उत्सव साजरे व्हायचे, पण त्याच देवळांच्या गावांत त्याला मान नव्हता. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही नावं आज आपण कान पकडून घेतो, त्या याच समाजातल्या. विसाव्या शतकात या समाजाने शिक्षण घेतलं, जुन्या प्रथा स्वतःहून मोडल्या आणि तो ताठ मानेने उभा राहिला. भाऊसाहेब त्या उभं राहण्याच्या काळातले. घरची जमीनदारी नाही, मोठं शिक्षण नाही, वशिला नाही. जे मिळवलं ते धंद्यात मिळवलं.

आणि धंदा होता खनिजाचा. पोर्तुगीज कायद्यानुसार खनिजाचा शोध लावून त्याची नोंद करायची आणि सरकारकडून खाणीचा परवाना घ्यायचा, अशी पद्धत होती. त्या परवान्याला मुदत नसे. बरीच वर्षं या परवान्यांना फारशी किंमत नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र चित्र बदललं. बेचिराख झालेल्या जपानला पुन्हा पोलाद बनवायचं होतं आणि त्याला लोहखनिज हवं होतं. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतल्या तांबड्या डोंगरांना अचानक भाव आला. डोंगर फोडायचा, खनिज ट्रकमधून नदीच्या धक्क्यावर न्यायचं, तिथून बार्जमध्ये भरायचं, बार्ज मांडवीतून किंवा जुवारीतून मुरगाव बंदराला जायची आणि तिथे उभ्या असलेल्या जहाजात माल चढायचा. १९५० च्या दशकात भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगीज राजवटीला तगवून धरलं ते या खनिजानेच.

आमच्या गावच्या बायका या खाणींवर जात. सुरुवातीच्या काळात यंत्रं थोडी आणि माणसं फार. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, टोपलीत खनिज. माझी आईही दोन-तीन हंगाम गेली होती. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिचे केस तांबडे असायचे, असं माझी आत्या सांगायची. तेव्हा भाऊसाहेबांची श्रीमंती कुठून आली हे मला कुणी पुस्तकातून शिकवायला नको. ती माझ्या आईसारख्या बायकांच्या डोक्यावरून बार्जपर्यंत गेलेली श्रीमंती होती. त्यांच्या खाणीवर आई होती की दुसऱ्या कुणाच्या, हे तिलाही सांगता आलं नसतं. मुकादमापलीकडे मालक दिसतच नसे.

मग प्रश्न असा पडतो, की याच बायकांनी आणि त्यांच्या नवऱ्यांनी एका खाणमालकाला डोक्यावर का घेतलं? या प्रश्नाने मला फार वर्षं छळलं आहे.

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. साडेचारशे वर्षांचा अंमल दोन दिवसांत संपला. आधी लष्करी प्रशासन आलं, मग नायब राज्यपाल आले आणि डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली. दिल्लीत आणि पणजीतही सगळ्यांची खात्री होती की काँग्रेस जिंकणार. का नाही जिंकणार? गोवा मुक्त केला नेहरूंच्या सरकारने आणि तुरुंग भोगलेले स्वातंत्र्यसैनिक त्यांच्या बाजूचे. निकाल लागला तेव्हा गोव्यात काँग्रेसला एकही जागा नव्हती. जी एक मिळाली ती दमणला. तीसपैकी सोळा जागा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि त्याच्या सोबत्यांच्या पदरात पडल्या, बारा डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने घेतल्या. आमचा तो 'मगो' पक्ष त्याच वर्षी स्थापन झालेला होता. निशाणी सिंह. एका वर्षाच्या आत पक्ष काढायचा, उमेदवार उभे करायचे, गावोगाव सभा घ्यायच्या आणि सत्तेवर यायचं हे काम पैशाशिवाय होत नाही, हे उघड आहे. त्या पैशाचा मोठा वाटा भाऊसाहेबांचा होता. पण नुसत्या पैशाने होत असतं तर गोव्यात खाणमालक काही ते एकटेच नव्हते.

काँग्रेसवाल्यांना जे कळलं नाही ते भाऊसाहेबांना कळलं होतं. काँग्रेसची मंडळी पोर्तुगिजांबद्दल बोलत होती आणि पोर्तुगीज तर निघून गेले होते. आमच्या गावात भाटकार होता. तो कुठेही गेला नव्हता. 'भाटकार' म्हणजे जमिनीचा आणि माडांच्या बागांचा मालक. 'कूळ' म्हणजे त्याचं शेत कसणारा. 'मुंडकार' म्हणजे त्याच्या जमिनीत झोपडी बांधून राहणारा. आमचे बाबा कूळही होते आणि मुंडकारही होते. पाय ठेवायची जागा दुसऱ्याची आणि पोटात जाणारं भातही दुसऱ्याच्या शेतातलं. भाटकाराने ऊठ म्हटलं की उठायचं. घरात लग्न काढायचं तर आधी भाटकाराच्या ओसरीवर जाऊन सांगायचं. १९६१ च्या १९ डिसेंबरला आमच्याकडे स्वातंत्र्य आलं आणि २० डिसेंबरला बाबा नेहमीप्रमाणे भाटकाराच्या माडांना पाणी घालायला गेले, हे त्यांनीच मला सांगितलेलं.

भाऊसाहेब भाटकार नव्हते. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांचा पैसा जमिनीच्या खालून आला होता, जमिनीच्या वरच्या माणसांकडून खंड म्हणून आला नव्हता. त्यामुळे कुळांची बाजू घेताना त्यांना स्वतःच्या सोयऱ्याधायऱ्यांना दुखवावं लागलं नाही. वर जन्माने ते आमच्यापेक्षा फार उंच पायरीवरचेही नव्हते. अपमान म्हणजे काय हे त्यांना माहीत असणार, असं आमच्या लोकांनी गृहीत धरलं. शेतकरी श्रीमंत माणसाला तितकासा भीत नाही. तो भीतो आपल्यावर हुकूमत असलेल्या माणसाला.

गंमत अशी की ही निवडणूक झाली तेव्हा भाऊसाहेब स्वतः उमेदवार नव्हते. पक्ष जिंकला, नेता कोण असा प्रश्न आला आणि २० डिसेंबर १९६३ ला त्यांनी शपथ घेतली. नंतर पोटनिवडणूक जिंकून ते विधानसभेत आले. पणजीच्या सचिवालयात, म्हणजे त्या जुन्या आदिलशाही राजवाड्यात, जिथे पोर्तुगीज व्हाइसरॉय बसून गेले होते, तिथे पेडण्याचा हा व्यापारी जाऊन बसला.

धंद्यातला माणूस सरकारात आला की दोन गोष्टी होतात. एक तर तो फायलींना वैतागून परत जातो, नाही तर फायलींना धंद्यासारखं पळवायला बघतो. भाऊसाहेब दुसऱ्या जातीचे. त्यांच्या पहिल्याच वर्षी, १९६४ साली, शेतजमिनीच्या कूळवहिवाटीचा कायदा आला. कुळाला संरक्षण मिळालं आणि खंडाला मर्यादा आली. मुंडकारांना घराबाहेर काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७१ चा. जमिनीचा मालक कूळच, असं मानणारी दुरुस्ती मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९७६ साली, त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना झाली. कायद्यांची ही नावं रुक्ष वाटतील. आमच्या घरात त्यांचा अर्थ एवढाच होता, की एके दिवशी बाबा भाटकाराच्या ओसरीवर न जाता मामलेदाराच्या कचेरीत गेले. येताना त्यांनी माझ्यासाठी पाटी आणली.

कारण शाळा आली होती. आमच्या गावात याआधी शाळा नव्हती. पोर्तुगिजांच्या शाळेत पोर्तुगीज शिकवायचे आणि ती होती तालुक्याला. मराठी शिकवणारे पंतोजी असायचे, पण ज्याच्या घरी त्यांना द्यायला भात होतं त्याच्याच पोरांना. १९६४ साली आमच्या देवळाच्या मंडपात सरकारी मराठी शाळा भरू लागली. मास्तर वेंगुर्ल्याकडचे. बसायला पोती, फळा देवळाच्या खांबाला टेकवलेला. पूजेची वेळ झाली की आम्ही मुलं बाहेर जायचो आणि आरती झाली की परत येऊन पाढे म्हणायचो. गोव्यातल्या वाड्यावाड्यांवर अशा शाळा उघडल्या. एका वाड्यासाठी एक शाळा कशाला, शेजारच्या गावात जातील पोरं, असं कुठल्याही हिशेबी माणसाने म्हटलं असतं आणि इथे तर मुख्यमंत्रीच हिशेबी होते. पण पाऊस गोव्याचा, ओढे भरलेले आणि पोरं सहा वर्षांची. शाळा दूर असली तर मुलगे जातात आणि मुली घरी राहतात. माझ्या दोन्ही बहिणी चौथी शिकल्या, त्या शाळा देवळात होती म्हणून.

आता त्या मोठ्या प्रश्नाकडे येतो. त्यावाचून भाऊसाहेबांची आठवण सांगताच येत नाही आणि त्यावर बोलताना आजही गोव्यात माणसं आवाज चढवतात. पक्षाच्या नावातच त्याचं ध्येय होतं, गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण. घरात आम्ही कोंकणी बोलायचो. देवळातलं कीर्तन मराठीत, पोथी मराठीत, नाटकं मराठीत, शाळा मराठीत. तेव्हा आपण महाराष्ट्राचेच, असं आमच्या भागातल्या बहुसंख्य लोकांना वाटे. दुसरी बाजूही तितकीच खरी होती. सासष्टी-बारदेशातल्या ख्रिस्ती समाजाला, आणि पुष्कळ हिंदूंनाही, आपलं वेगळेपण मोठ्या राज्यात विरघळून जाईल अशी भीती होती. कोंकणी ही मराठीची बोली नव्हे, स्वतंत्र भाषा आहे, असं ती मंडळी हिरीरीने सांगत. मडगावच्या 'राष्ट्रमत'ने हा विलीनीकरणविरोधी लढा मराठी भाषेतच लढवला, हे पाहून आज मजा वाटते.

१९६५ साली गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. मगोचं म्हणणं, लोकांनी आम्हाला निवडून दिलं यातच कौल आला. विरोधकांचं म्हणणं, सरकार निवडणं वेगळं आणि आपलं राज्य कायमचं मिटवणं वेगळं, लोकांना थेट विचारा. शेवटी संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये कायदा केला आणि जनमत कौल घ्यायचं ठरलं. स्वतंत्र भारतात अशा प्रश्नावर असा कौल दुसरीकडे कुठे झालेला नाही. विरोधकांनी आणखी एक मागणी केली. भाऊसाहेब खुर्चीवर असताना हा कौल निष्पक्ष होणार नाही, त्यांनी आधी बाजूला व्हावं. भाऊसाहेबांच्या सरकारने राजीनामा दिला. राष्ट्रपती राजवट आली.

या ठिकाणी मी नेहमी थांबतो. जरा विचार करा. कौल आपल्यासारखा लागला तर गोवा महाराष्ट्रातला एक जिल्हा होणार. जिल्ह्याला मुख्यमंत्री नसतो. म्हणजे हा माणूस गावोगाव फिरून आपलीच खुर्ची मोडून टाका असं लोकांना सांगत होता. आणि त्यासाठी आधी त्या खुर्चीवरून उठलाही होता. पुढे महाराष्ट्रात मोठं पद मिळालं असतं, असं कुणी म्हणेल. मुंबईच्या दरबारात गोव्याच्या खाणवाल्याला कोणती जागा मिळाली असती याचा अंदाज त्या हिशेबी माणसाला आला नसेल, असं मला वाटत नाही.

मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेश राहण्यासाठी दोन पानं. मी तेव्हा तिसरीत होतो. आमच्या वाड्यावर जिकडेतिकडे फूल. बाबांनी तर चुन्यात काव कालवून देवळाच्या गडग्यावर हातभर मोठं फूल काढलं होतं. ते जरा जास्वंदीसारखं आणि जरा पंख्यासारखं दिसे. तिठ्यावर एक पसरो होता, म्हणजे किराण्याचं दुकान. तो दुकानदार आमच्यातलाच, पण 'राष्ट्रमत' वाचणारा. त्याच्या फळीवर दोन पानं. बाबांनी त्या महिन्यात त्याच्याकडून मीठसुद्धा आणलं नाही. सभांना आमच्याकडून ट्रक भरभरून माणसं जात. महाराष्ट्रातून पुढारी येत, मोठी मोठी भाषणं होत. आमच्या मास्तरांचं मात्र कठीण झालं होतं. मुक्तीनंतर महाराष्ट्रातून बरेच अधिकारी गोव्यात प्रतिनियुक्तीवर आले होते आणि नोकऱ्या बाहेरच्यांनी बळकावल्या अशी कुरकुर सुरू झाली होती. मास्तर बिचारे नुसते शाळामास्तर, पण दुकानावर कुणी काही बोललं की त्यांना वाटायचं आपल्यालाच म्हणाले. भाऊसाहेबांची ही चूकच झाली, असं माझं मत आहे. ज्यांना जवळ आणायचं त्यांच्या डोक्यावर आधीच साहेब बसवले तर माणसं बिथरणारच.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. ३ लाख १७ हजार ६३३ लोकांनी मत दिलं. फुलाला मिळाली १ लाख ३८ हजार १७० मतं आणि दोन पानांना १ लाख ७२ हजार १९१. चौतीस हजार एकवीस मतांनी भाऊसाहेब हरले. जन्मभराचं म्हणावं असं एकच राजकीय ध्येय आणि ते लोकांनी नाकारलं. आमच्या गावात त्या रात्री कुणाच्या घरी चूल पेटली नाही, असं लोक सांगतात. ते काही खरं नाही. आमच्याकडे पेज झाली होती, मला चांगली आठवते. बाबा काही बोलले नाहीत आणि लवकर झोपले.

नंतर जे झालं त्याला इतिहासात फारशा जोड्या नाहीत. कौलानंतर अवघ्या सव्वादोन महिन्यांनी, मार्चच्या अखेरीस विधानसभेची निवडणूक झाली आणि मगो पक्ष पुन्हा निवडून आला. एप्रिलमध्ये भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री. ज्या मुलखाने त्यांचं म्हणणं फेटाळलं त्याच मुलखाने त्यांना परत बोलावलं. अभ्यासक याची कारणं मतदारसंघांच्या गणितात शोधतात आणि ते गणित चुकीचं नाही. पण त्या गणितात न बसणारीही काही मतं असतात. त्याबद्दल शेवटी सांगतो.

मला कौतुक वाटतं ते भाऊसाहेबांनी ही हार पचवली त्याचं. रुसून ते खाणीवर परत गेले नाहीत आणि कौल खोटा आहे म्हणत आकाशपाताळही एक केलं नाही. विलीनीकरण नाही तर नाही, जो गोवा आहे तो चालवायचा. १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली. क्रिकेट आणि फुटबॉल यांचा तर त्यांना भारी नाद. १९७२ साली अठरा जागा जिंकून पक्ष तिसऱ्यांदा आला.

म्हणून सारं गोडच होतं असं मी म्हणणार नाही. पक्ष चालायचा तो पेढीसारखा. निर्णय शेठजींचा, बाकीच्यांनी खातेवही लिहायची. १९७० साली त्यांच्याच काही आमदारांनी बंड केलं आणि विरोधी बाकांवरच्या काहींनी हात दिला तेव्हा कुठे सरकार तरलं. त्यांच्यानंतर गादी कन्येकडे गेली हेही पेढीच्या रीतीला धरूनच. ताई कर्तबगार होत्या, पण दुसऱ्या फळीत त्यांच्याखेरीज कुणी मोठा होऊ दिला होता असं दिसत नाही. आणि सगळ्यांत अवघड गोष्ट खाणींची. कुळांसाठी कायदे झाले, मुंडकारांसाठी झाले. पोर्तुगिजांनी दिलेल्या बेमुदत खाणपरवान्यांना मात्र त्या काळात हात लागला नाही. तो लावला १९८७ साली संसदेने. त्यातून झालेल्या ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. भाटकाराच्या जमिनीचा हिशेब ज्या तडफेने मांडला, त्या तडफेने जमिनीखालचा हिशेब मांडला गेला नाही. भाऊसाहेबांच्या भक्तांना हे आवडत नाही. आमच्या गावची विहीर खाणीमुळे आटली तेव्हा मी हे पहिल्यांदा बोललो आणि माझ्याशी आमच्याच लोकांनी भांडण केलं. मी त्यांना आईच्या तांबड्या केसांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या हातात पाटी कुणी दिली? तेही खरंच होतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या खात्यावर आहेत आणि एक मांडून दुसरी खोडता येत नाही.

१२ ऑगस्ट १९७३, रविवार. मी पंधरा वर्षांचा होतो. पसऱ्यावरच्या रेडिओवर बातमी आली आणि तोच 'राष्ट्रमत' वाचणारा दुकानदार धावत आमच्या अंगणात आला. भाऊ गेले, एवढंच म्हणाला. बासष्ट हे काही जायचं वय नव्हे. बाबांनी सदरा चढवला, छत्री घेतली. पाऊस कोसळत होता. ते आणि तो दुकानदार दोघे मिळून पणजीला गेले. सहा वर्षांपूर्वीच्या मिठावरून दोघांत धड बोलणं नव्हतं, ते त्या वाटेवर सुरू झालं ते कायमचं.

आता ती हिशेबात न बसणारी गोष्ट. ३० मे १९८७ ला गोवा भारताचं पंचविसावं राज्य झालं. ज्या वेगळ्या गोव्याविरुद्ध भाऊसाहेब लढले तो गोवा आता पुरतं राज्य झाला होता. घरात रेडिओ लावलेला होता. दिल्लीहून-पणजीहून भाषणं चालली होती. मी थट्टेने बाबांना म्हटलं, तुमचं गडग्यावरचं फूल वाया गेलं हो. बाबा सुपारी कातरत होते. आई आत गेलेली पाहून ते हळूच म्हणाले, "मी दोन पानांवर शिक्का मारला होता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. भाऊंच्या सभेला ट्रकमधून जाणारे, गडग्यावर फूल काढणारे, महिनाभर अळणी जेवले पण त्या दुकानातून मीठ न आणणारे माझे वडील. मी विचारलं, का? ते म्हणाले, "ट्रकमधून येताना मनात आलं, विलीन झालो तर भाऊ मुख्यमंत्री कुठले राहणार? आज पणजीला जायचं तर सकाळी निघायचं, बेतीला फेरीबोट धरायची आणि दिवे लागायच्या आत घरी. मुंबईला जाऊन मी कुणाला सांगणार की माझा भाटकार मला उठवतोय म्हणून? भाऊ म्हणत होते ते बरोबरच असेल. पण मला भाऊच हवे होते."

आणि मार्चमध्ये? मी विचारलं.

"मार्चमध्ये सिंह. पहाटेच जाऊन रांगेत उभा होतो." मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "ही गोष्ट मी भाऊ असेपर्यंत कुणाला बोललो नाही. त्या दुकानदारालासुद्धा नाही."